‘क्विट’ शब्दाची कुळकथा

इंग्रजी भाषेंत ‘जाणें’ या एका क्रियेसाठीं शब्दांची वाण नाहीं. ‘गो’ म्हणजे नुसतें जाणें. कोठून, कां, कशासाठीं, याचा त्यांत कांहींच निर्देश नाहीं. ‘लीव्ह’ म्हणजे मागें कांहीं ठेवून जाणें. जाणाऱ्यापेक्षां मागें राहिलेल्यावर त्या शब्दाची नजर अधिक. ‘डिपार्ट’ या शब्दाच्या पोटांत वांटणीचा अर्थ आहे. जो जातो तो इतरांपासून वेगळा निघतो. ‘विथड्रॉ’ म्हणजे पुढें पसरलेला हात मागें घेणें. याच पंगतीला ‘क्विट’ हा शब्द बसतो, आणि शाळेंतील मुलांना त्याचा अर्थ ‘सोडून जाणें’ असा सांगितला जातो. हा अर्थ चुकीचा नाहीं, पण अपुरा आहे. ‘क्विट’ हा मुळांत जाण्याचा शब्द नव्हेच. तो हिशेबाचा शब्द आहे.

१९४२ च्या ऑगस्टांत हा शब्द हिंदुस्थानांतील भिंतीभिंतींवर लिहिला गेला, आणि त्यापायीं हजारों माणसें तुरुंगांत गेलीं. इतके पर्याय हाताशीं असतां नेमका हाच शब्द कां निवडला गेला, आणि त्यांत काय मागितलें होतें, हें समजण्यास त्याची कुळकथा थोडी मागें जाऊन पाहिली पाहिजे.

लॅटिन भाषेंत ‘क्विएटस’ म्हणजे विसावलेला, शांत. मध्ययुगांत कायद्याच्या लॅटिनांत या शब्दाला एक व्यावहारिक अर्थ चिकटला. ज्याच्यामागें सावकाराचा तगादा उरला नाहीं, तो ‘क्विएटस’. ऋणकोची खरी शांतता कशांत असते हें त्या काळच्या लोकांना चांगलें ठाऊक असावें! १०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकलें. त्यांची फ्रेंच भाषा दरबारांत व न्यायकचेऱ्यांत शिरली, आणि तिच्याबरोबर या शब्दाचें फ्रेंच रूपहि इंग्लंडांत उतरलें. इंग्रजींत तो प्रथम आला तो ‘मोकळा’ या विशेषणाच्या रूपानें. जाणाऱ्याचें क्रियापद तो बराच पुढें झाला.

राजाच्या जमाखर्चाच्या कचेरीला इंग्लंडांत ‘एक्सचेकर’ म्हणत. बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन असलेलें कापड मेजावर अंथरून त्यावर सोंगट्या मांडून तेथें हिशेब होई, म्हणून हें नांव पडलें. प्रत्येक परगण्याचा शेरीफ, म्हणजे राजाचा वसुली अधिकारी, तेथें येऊन रुजू होई व वर्षाचा हिशेब देई. तो हिशेब चर्मपत्राच्या गुंडाळ्यांवर उतरला जाई. अशा गुंडाळ्यांपैकीं आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी ११३० सालची आहे. येणेंदेणें चुकतें होऊन बाकी शून्य झाली कीं खात्याच्या शेवटीं तीन शब्द लिहीत : ‘एट क्विएटस एस्ट’. म्हणजे, ‘आणि तो मोकळा झाला.’ हे तीन शब्द पडले कीं शेरीफ उठून घरीं जाण्यास मोकळा. अगोदर हिशेब, मग जाणें, असा हा क्रम होता, आणि ‘क्विट’च्या सर्व गोत्रांत त्याच्या खुणा राहिल्या आहेत. ‘क्वाएट’ म्हणजे शांत हा तर त्याचा सख्खा भाऊ. ‘क्वाइट’ म्हणजे अगदीं, पूर्णपणें, हाहि त्याच घरचा. आरोपींतून मुक्त करणें या अर्थाचा ‘ॲक्विट’, उपकाराची फेड करणें या अर्थाचा ‘रिक्वाइट’, आणि दोघांची फिट्टंफाट झाली हें सांगणारा ‘क्विट्स’ हीं याच कुळांतील माणसें. आगरकरांनीं ‘विकारविलसित’ या नांवानें ज्याचें मराठी रूपांतर केलें त्या ‘हॅम्लेट’ नाटकांत शेक्सपीअरनें मृत्यूला उद्देशून ‘क्विएटस’ हाच हिशेबी शब्द योजला आहे. जीविताचें खातें बंद झालें, एवढा अर्थ त्या एका शब्दांत तेथें भरला आहे.

मराठी वाचकाला हा अर्थाचा प्रवास परका वाटण्याचें कारण नाहीं, कारण आपल्या भाषेंतहि त्याला एक जोड आहे. अरबी ‘फारिग’ म्हणजे कामांतून मोकळा झालेला, निवांत. त्याला लेख या अर्थाचा ‘खत’ हा शब्द जोडून ‘फारखती’ झाली; कर्ज फिटल्यावर किंवा हक्क सोडल्यावर लिहून द्यावयाचा मोकळिकीचा कागद. पुढें नवराबायकोचें नातें तोडणाऱ्या कागदालाहि फारखती म्हणूं लागले. आणि अखेर कागद विसरला जाऊन ‘फारकत घेणें’ म्हणजे वेगळें होणें, सोडून जाणें, एवढाच अर्थ बोलण्यांत उरला. एक शब्द रोमहून निघाला, दुसरा अरबस्तानांतून; पण दोघेहि निवांतपणापासून आरंभ करून, देणें फिटण्याच्या वाटेनें, सोडून जाण्यापर्यंत येऊन पोंचले.

‘क्विट’चें जमिनीशीं नातें जुळलें तें ‘क्विट-रेंट’ या शब्दानें. मध्ययुगीन इंग्लंडांत कुळाला धन्याच्या शेतावर ठराविक दिवस राबावें लागे. ही वेठ चुकवून त्याऐवजीं ठराविक रोकड भरण्याची सोय झाली, तेव्हां त्या रकमेला क्विट-रेंट म्हणूं लागले. ती भरली कीं कूळ इतर चाकरींतून मोकळें. इंग्रजांनीं हा शब्द हिंदुस्थानांतहि आणला. मुंबई इलाख्यांत इनाम जमिनींवर पूर्ण साऱ्याऐवजीं जी हलकी आकारणी होत असे व जिला आपले लोक ‘जुडी’ म्हणत, तिचें इंग्रजी दप्तरांतील नांव क्विट-रेंट हेंच होतें. खुद्द ईस्ट इंडिया कंपनी मुंबईची धनीण झाली तीहि भाडेकरूच्या नात्यानें. पोर्तुगालच्या राजकन्येच्या विवाहाच्या १६६१ च्या तहानें मुंबई बेट इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याजकडे आलें, आणि १६६८ सालीं त्यानें तें कंपनीला दरसाल दहा पौंड भाड्यानें देऊन टाकलें. मुंबईवरील कंपनीच्या सत्तेचा मूळ कागद, अशा रीतीनें, भाडेपट्ट्याच्याच जातीचा होता.

सतराव्या शतकाच्या आरंभीं ‘क्विट’चा अर्थ ‘ठिकाण सोडून जाणें’ असा होऊं लागला. हें स्थित्यंतर कसें घडलें तें समजणें अवघड नाहीं. देणें फेडणारा मोकळा होतो, मोकळा झालेला निघून जातो. पुढें पहिली पायरी विसरली जाते व शेवटचीच लक्षांत राहते. त्याच शतकांत ‘चालू काम थांबविणें’ हा अर्थहि त्यास मिळाला. अमेरिकेंत तो विशेष रुळला, आणि एकोणिसाव्या शतकांत तेथें कच खाणाऱ्या माणसाला ‘क्विटर’ म्हणूं लागले. आज नोकरीचा राजीनामा देणारा तरुण हाच शब्द वापरतो. संगणकावर चालूं असलेलें काम बंद करण्याच्या आज्ञेलाहि हेंच नांव आहे. तथापि राजीनामा देणाऱ्याला कचेरींतून ‘यांच्याकडे कांहीं येणें नाहीं’ असा दाखला घेऊनच बाहेर पडावें लागतें. हा दाखला म्हणजे त्या तीन लॅटिन शब्दांचा दूरचा वंशजच म्हणावयाचा.

जुना अर्थ सर्वांत ठसठशीत राहिला तो कोर्टांत. घर किंवा जमीन रिकामी करण्याविषयीं द्यावयाच्या नोटिशीला इंग्रजी कायदा ‘नोटीस टु क्विट’ म्हणतो. हिंदुस्थानांत १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यांत हा शब्द आला. त्या कायद्याच्या १०६ व्या कलमाप्रमाणें, वेगळा करार किंवा रिवाज नसल्यास, शेतीच्या किंवा कारखान्याच्या जागेसाठीं सहा महिन्यांची व इतर जागेसाठीं पंधरा दिवसांची नोटीस लागते. भाडेपट्टा कोणकोणत्या प्रकारांनीं संपतो तें १११ व्या कलमांत सांगितलें आहे. आणि जागा सोडण्याची नोटीस दोहोंपैकीं कोणताहि पक्ष दुसऱ्यास देऊं शकतो, हेंहि तेथें स्पष्ट आहे. अशा नोटिशींत शिवीगाळ नसते. जागा तुमची नाहीं, मुदत संपली, बाकी चुकती करा व किल्ली मालकाच्या हातीं द्या, एवढेंच ती सांगते. तोच भाडेकरू उद्यां पाहुणा म्हणून दारीं आला तर त्यास नोटिशीची आडकाठी नाहीं.

हा सर्व अर्थ मनांत ठेवून १९४२ कडे वळावें. त्यापूर्वीं चौदा वर्षें, ३ फेब्रुवारी १९२८ रोजीं, सायमन कमिशन मुंबईस उतरलें होतें, आणि ‘सायमन, गो बॅक’ या घोषणेनें त्याचें स्वागत झालें होतें. ही घोषणा युसूफ मेहेरअली यांची म्हणून प्रसिद्ध आहे. दारांत आलेल्या माणसाला परत फिरविण्यास ‘गो बॅक’ पुरेसें होतें. दीडशें वर्षें घरांत ठाण मांडून बसलेल्याला तें लागूं पडणारें नव्हतें.

१५ फेब्रुवारी १९४२ रोजीं सिंगापूर पडलें. मार्चमध्यें रंगून गेलें. मलायांतून व ब्रह्मदेशांतून इंग्रज निघाले, आणि ते कसे निघाले हेंहि जगानें पाहिलें. ब्रह्मदेशांतील लाखों हिंदी माणसें डोंगर व जंगलें तुडवीत पायीं मायदेशीं आलीं. कित्येक वाटेंतच मेलीं. हें जाणें ‘लीव्ह’ या शब्दाचें होतें, माणसें मागें टाकून जाणें. एप्रिलांत क्रिप्स यांची शिष्टाई निष्फळ झाली. अशा वेळीं गांधीजींनीं ‘हरिजन’ पत्रांतून, इंग्रजांनीं आपली सत्ता व्यवस्थितपणें व वेळेवर काढून घ्यावी, असें लिहिण्यास आरंभ केला. हिंदुस्थान ईश्वराच्या हातीं सोपवा, आणि तें जमत नसेल तर अराजकाच्या हातीं सोपवा, येथपर्यंत त्यांनीं मे महिन्यांत मजल नेली.

या मागणीला घोषणा हवी होती. तिच्या निवडीची आठवण अशी सांगतात कीं, कोणी ‘गेट आउट’ हे शब्द सुचविले, ते गांधीजींनीं असभ्य म्हणून बाजूस सारले. राजाजींनीं ‘रिट्रीट’ किंवा ‘विथड्रॉ’ हे शब्द पुढें केले. आणि त्या वर्षीं मुंबईचे महापौर असलेल्या मेहेरअलींनीं ‘क्विट इंडिया’ हे दोन शब्द आणतांच त्यांस गांधीजींची संमति मिळाली. ही आठवण बाजूस ठेवली तरी हे शब्द तराजूंत घालून पाहण्यासारखे आहेत. ‘गेट आउट’मध्यें राग आहे, पण हक्काचा पुरावा नाहीं, बलवान मनुष्य खऱ्या मालकालाहि तसें म्हणूं शकतो. ‘रिट्रीट’ हा लढाईचा शब्द. त्यांत समोरच्यानें पराभव कबूल करावयाचा असतो. ‘विथड्रॉ’ हा मुत्सद्द्यांचा शब्द; त्यांत हात कधीं मागें घ्यावयाचा हें हात घालणाराच ठरवितो. ‘क्विट’ मात्र मालकाच्या तोंडचा शब्द आहे. तो उच्चारणारा आपला हक्क सिद्ध करीत बसत नाहीं. तो हक्क धरूनच बोलतो. गांधीजी बॅरिस्टर होते. ऑगस्टचा ठराव मांडणारे जवाहरलाल नेहरू व त्यास अनुमोदन देणारे वल्लभभाई पटेल हेहि बॅरिस्टर. ‘नोटीस टु क्विट’ म्हणजे काय, हें या तिघांना कोणी शिकवावयास नको होतें.

१४ जुलै १९४२ रोजीं वर्ध्यास काँग्रेसच्या कार्यकारिणीनें जो ठराव केला तो वाचला म्हणजे हा अर्थ अधिक स्पष्ट होतो. ठरावांतील मागणी ब्रिटिश सत्ता जाण्याची होती. प्रत्येक इंग्रज माणसानें बोट धरावी अशी नव्हती. जपानी स्वारीशीं लढण्यासाठीं दोस्त राष्ट्रांचें सैन्य येथें राहण्यासहि काँग्रेसनें संमति दर्शविली होती. सत्ता जावी आणि सैन्य राहावें, हें टीकाकारांना विसंगत वाटलें. परंतु भाडेपट्ट्याच्या भाषेंत त्यांत विसंगति नाहीं. घराची मालकी एकदां मान्य झाली, कीं घरांत कोणाला राहूं द्यावयाचें हें मालकानें ठरवावयाचें असतें.

८ ऑगस्ट १९४२ च्या रात्रीं मुंबईंत गवालिया टँकच्या मैदानावर अखिल भारतीय काँग्रेस समितीनें ठराव मंजूर केला. विरुद्ध मतें तेरा पडलीं. ज्या मुंबईचा भाडेपट्टा कंपनीला मिळाला होता, त्याच मुंबईंत ही नोटीस निघाली. उत्तर पहांटेपूर्वींच आलें. ९ ऑगस्टला गांधीजींना पकडून पुण्यास आगाखान पॅलेसमध्यें ठेवलें. कार्यकारिणीच्या सभासदांना अहमदनगरच्या किल्ल्यांत नेलें. पुढें चिमूर व आष्टी येथें रक्त सांडलें. सातारा जिल्ह्यांत प्रतिसरकार उभें राहिलें. आगाखान पॅलेसच्या बंदिवासांत १५ ऑगस्ट १९४२ रोजीं महादेवभाई देसाई व २२ फेब्रुवारी १९४४ रोजीं कस्तुरबा निवर्तल्या. या दोन समाधि तेथें आजहि आहेत.

देशी भाषांत या घोषणेचें काय झालें, तेंहि पाहण्याजोगें आहे. हिंदींत ‘भारत छोडो’ झालें. मराठींत ‘चले जाव’ हें नांव अधिक रुळलें. ‘छोडो’मध्यें पकड सैल करण्याचा अर्थ आहे, म्हणून तें मुळाच्या जवळ आहे. ‘चले जाव’ ऐकतांच मराठी कानाला ‘चालते व्हा’ आठवतें. ज्या घरांत निरोप घेतांना ‘जातों’ म्हणणेंहि अशुभ मानून ‘येतों’ म्हणतात, त्या घरांत ‘चालते व्हा’ याहून कठोर शब्द नाहीं. म्हणजे ‘गेट आउट’चा जो कडवटपणा इंग्रजींत टाळला गेला, तो भाषांतराच्या मागच्या दारानें आंत आला. लोकांच्या अंगावर तेव्हां लाठी व गोळी येत होती. त्यांना कोर्टाच्या भाषेपेक्षां हीच भाषा जवळची वाटली, यांत नवल नाहीं.

मूळ शब्दांत दुसऱ्यांनीं भर घातली तीहि नोंदली पाहिजे. डिसेंबर १९४३ मध्यें कराचीच्या अधिवेशनांत मुस्लिम लीगनें ‘डिव्हाइड अँड क्विट’, म्हणजे ‘वांटणी करा आणि जा’, अशी घोषणा दिली. जाणाऱ्यानेंच जातां जातां घराची वांटणी करून द्यावी, अशी ही मागणी होती. १९४७ सालीं घडलें तें असेंच. ३ जूनला फाळणीची योजना जाहीर झाली आणि १५ ऑगस्टला सत्तांतर झालें. मध्यें अवघे ७३ दिवस. कुळानें शेत सोडावयाचें तर कायदा सहा महिन्यांची मुदत देतो. एका खंडप्राय देशाच्या वांटणीला तितकीहि मिळाली नाहीं. सीमारेषेचा निवाडा तर १७ ऑगस्टला, म्हणजे सत्तांतर होऊन गेल्यावर, प्रसिद्ध झाला. एक कोटीहून अधिक माणसें घरेंदारें सोडून निघालीं, आणि लाखों मारलीं गेलीं. त्यांना कोणी कसलीच नोटीस दिली नव्हती.

पैशाच्या हिशेबाची गोष्ट आणखी निराळी आहे. साम्राज्याचें दिवाळें काढण्याच्या कामावर देखरेख करण्यास आपण मुख्य प्रधान झालों नाहीं, अशा अर्थाचें चर्चिल यांचें नोव्हेंबर १९४२ मधील भाषण प्रसिद्ध आहे. त्यांनीं वापरलेला ‘लिक्विडेशन’ हाहि खातें मिटविण्याचाच शब्द. पण त्याच वेळीं खातें उलटें होत चाललें होतें. महायुद्धापूर्वीं हिंदुस्थान इंग्लंडचा ऋणको होता. युद्धासाठीं येथून नेलेला माल व येथें झालेला खर्च यांचें मोल लंडनांत पौंडांच्या रूपानें हिंदुस्थानच्या नांवें सांचत गेलें, आणि युद्ध संपलें तेव्हां ती रक्कम सुमारें १३० कोटि पौंडांवर गेली होती. म्हणजे घर सोडून जाणारा भाडेकरू मालकाचें एवढें देणें लागत होता. ती रक्कम पुढें करारामदारांनीं हप्त्याहप्त्यानें मोकळी झाली. ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या पेन्शनची तरतूद व येथें राहिलेल्या लष्करी सामानाची किंमत तिच्यांतूनच वळती करण्यांत आली. या रकमेच्या पाठीमागें युद्धकाळांतील महागाई होती, आणि १९४३ चा बंगालचा दुष्काळहि त्याच काळांतला. तीं दुःखें कोणत्याहि खात्यांत जमा धरलीं गेलीं नाहींत.

२८ फेब्रुवारी १९४८ रोजीं सॉमरसेट लाइट इन्फंट्रीची पलटण मुंबईस गेटवे ऑफ इंडियाच्या कमानींतून संचलन करीत बोटीकडे गेली. स्वतंत्र भारतांतून निघालेली ती शेवटची ब्रिटिश पलटण. निरोप सन्मानानें झाला. कोणीं कोणाला ‘चालते व्हा’ म्हटलें नाहीं. ‘क्विट’ या शब्दाचा नवा अर्थ त्या दिवशीं पुरा झाला, जागा रिकामी झाली. पौंडांचा हिशेब पुढें यथावकाश मिटला. जुन्या अर्थाचें जें उरलें तें पंजाब व बंगालच्या वाटांवर उरलें. आणि तेथील खात्याखालीं ‘आणि तो मोकळा झाला’ हे तीन शब्द लिहिण्याचा अधिकार कोणत्याहि कचेरीला नव्हता.